नईमा, सईदा आणि युसूफ लतीफ : जॅझच्या इतिहासातली आपली नावं

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी घरी आला. हुशार मुलगा, मोठ्या शहरात डिप्लोमाला प्रवेश मिळालेला. चहा झाला, इकडचं-तिकडचं झालं आणि मग त्याने हळूच विचारलं, "सर, गॅझेटमध्ये नाव बदलायचं असेल तर काय करावं लागतं?"

मला वाटलं, दाखल्यावर स्पेलिंग चुकलं असेल. तसं नव्हतं. "पंधरा दिवसांत अकरा खोल्या बघितल्या सर. फोनवर खोली रिकामी असते. नाव सांगितलं की मालकाचा भाचा राहायला येणार असतो."

मी त्याला पटकन काही उत्तर देऊ शकलो नाही, कारण हा भाचा माझ्या ओळखीचा होता. वीसेक वर्षांपूर्वी मी बीएड करायला कोकणातून ठाण्याला आलो, तेव्हा मलाही तो चार-पाच ठिकाणी आडवा आला होता. शेवटी मी मुंब्र्याला चाचांकडे राहिलो. चाचा आयुष्यभर बोटीवर होते. जगातल्या बंदरांतून त्यांनी ट्रंकभर कॅसेट आणल्या होत्या. त्यातल्या एका कॅसेटच्या कागदावर त्यांनी पेन्सिलीने उर्दूत दोन शब्द लिहिले होते : नईमा, सईदा. मला वाटलं, गझला असतील. लावून पाहिली तर सॅक्सोफोन वाजू लागला.

त्या दोन नावांचा पाठपुरावा करता करता मी एका मोठ्या इतिहासापर्यंत पोहोचलो. अमेरिकी मुसलमान म्हटलं की आपल्याला मुहम्मद अली आणि माल्कम एक्स आठवतात. त्यांच्याही आधीपासून, एका वेगळ्याच मैदानात, अमेरिकेत मुसलमान नावं गाजत होती. ते मैदान जॅझचं होतं.

नईमा कोण होती?

ती कॅसेट जॉन कोल्ट्रेन यांच्या 'जायंट स्टेप्स' या अल्बमची होती. 1959 साली रेकॉर्ड झालेला हा अल्बम 1960च्या सुरुवातीला बाजारात आला. कोल्ट्रेन ख्रिस्ती घरातले, आजोबा चर्चचे धर्मगुरू. पण 1955 साली त्यांनी जिच्याशी लग्न केलं ती नईमा मुसलमान होती. सईदा ही तिची मुलगी, तिला कोल्ट्रेन यांनी आपली मानलं. 'नईमा' आणि 'सईदाज साँग फ्लूट' ही या दोघींच्या नावाची दोन गतं या अल्बमवर आहेत. कोल्ट्रेन यांना हेरॉईन आणि दारूचं व्यसन होतं. 1957 साली त्यांनी ते सोडलं, तेव्हा नईमा पाठीशी उभी होती.

जॅझ कधीच न ऐकलेल्या माणसाने सुरुवात 'नईमा'पासून करावी, असं मी सुचवेन. कारण साधं आहे. या गतीत बेस हे खर्जाचं तंतुवाद्य बराच वेळ एकच सूर धरून ठेवतं आणि मधल्या भागात त्याच्या पंचमावर जातं. म्हणजे सा आणि प. आपला तानपुरा हेच करतो. वर पियानोचे स्वरमेळ बदलत राहतात, खालचा सूर मात्र हलत नाही. सॅक्सोफोन अगदी थोडं बोलतो. ज्याने मैफिलीत तानपुरा लागताना ऐकला आहे त्याला हे परकं वाटणार नाही.

याच अल्बमचं शीर्षकगीत मात्र उलट्या टोकाचं आहे. त्यात स्वरमेळ इतक्या झपाट्याने बदलतात की टॉमी फ्लॅनगन यांच्यासारखा मातब्बर पियानोवादकही आपल्या पाळीत अडखळलेला ऐकू येतो. 1940च्या दशकात आलेल्या 'बीबॉप' शैलीने स्वरमेळांची ही शर्यत सुरू केली होती, कोल्ट्रेन यांनी ती शेवटच्या टोकाला नेली. त्यापुढे दोन रस्ते होते. चाल आणि लय ठेवायची, पण स्वरमेळांचा काच सैल करायचा, हा एक रस्ता. त्याला पुढे पोस्ट-बॉप म्हणू लागले. ठरलेला साचाच सोडायचा आणि वादकांनी एकमेकांचं ऐकत पुढे जायचं, हा दुसरा. ते अव्हाँ-गार्द किंवा फ्री जॅझ. दोन्ही रस्त्यांवर मुसलमान नावं भेटतात.

नावं आली कुठून?

1920 साली पंजाबातले मुफ्ती मुहम्मद सादिक जहाजाने फिलाडेल्फियाला उतरले. बहुपत्नीत्वाचा प्रश्न काढून अधिकाऱ्यांनी त्यांना काही आठवडे अडकवून ठेवलं. सुटल्यावर त्यांनी शिकागोत ठाण मांडलं, 1921 पासून 'मोस्लेम सनराइज' नावाचं नियतकालिक काढलं. त्यांच्या हाकेला सर्वांत जास्त ओ दिली ती काळ्या अमेरिकनांनी. सादिक अहमदिया जमातीचे होते. या जमातीचं नाव काढलं की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात, हे मला ठाऊक आहे. अकीद्याचा वाद त्याच्या जागी. पण इतिहास लिहिताना हे पान फाडता येत नाही. पुढच्या पिढीतल्या कितीतरी काळ्या संगीतकारांपर्यंत कुरआन पोहोचला तो याच वाटेने.

1940च्या दशकाच्या उत्तरार्धात ही नावं जॅझमध्ये दिसू लागली. ड्रमवादक केनी क्लार्क लियाकत अली सलाम झाले. सॅक्सोफोनवादक एडमंड ग्रेगरी साहिब शिहाब झाले. आर्ट ब्लेकी यांनी अब्दुल्ला इब्न बुहैना हे नाव घेतलं. पुढे त्यांचा बँड 'जॅझ मेसेंजर्स' म्हणून जगभर गाजला. पिट्सबर्गचे पियानोवादक फ्रेडरिक रसेल जोन्स अहमद जमाल झाले. 1958 साली आलेला त्यांचा 'ॲट द पर्शिंग' हा अल्बम शंभराहून अधिक आठवडे विक्रीच्या यादीत राहिला. त्या कमाईतून त्यांनी शिकागोत एक उपाहारगृह काढलं. त्याचं नाव अलहम्रा, आणि तिथे दारू मिळत नसे. गरनात्याच्या महालाचं नाव शिकागोच्या पाटीवर झळकलं होतं, हे मला आमच्या कुठल्याही उर्दू पाठ्यपुस्तकाने सांगितलं नव्हतं.

या नावांची एक बाजू मात्र माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला थेट भिडते. त्या काळच्या अमेरिकेत काळ्या माणसाला अनेक हॉटेलांत खोली मिळत नसे आणि अनेक खाणावळींत ताट मिळत नसे. न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवायचं तर पोलिसांचं ओळखपत्र लागे. ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे की मुसलमान नाव घेतलेल्या काही वादकांच्या ओळखपत्रावर वर्णाच्या जागी 'गोरा' अशी नोंद होऊ लागली. दारावरच्या माणसाला वाटे, हा इथला काळा नाही, कुठल्यातरी परदेशातला आहे. मग जेवण मिळे, खोलीही मिळे.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. ज्या नावामुळे मला ठाण्यात खोली मिळाली नाही, त्याच तऱ्हेच्या नावामुळे कुणाला न्यूयॉर्कमध्ये ती मिळत होती. म्हणजे खोट नावात नाही. कुणाला बाहेर ठेवायचं हे आधी ठरतं, नाव हे नंतरचं निमित्त.

शजरा आणि सत्य

या इतिहासाला सोनेरी मुलामा द्यायचा मोह टाळायला हवा. अहमद अब्दुल मलिक यांचंच उदाहरण घ्या. ते बेसवादक होते. थेलोनियस मंक यांच्या बँडमध्ये वाजवत. अरबी ऊदही शिकले. 1958 साली त्यांनी 'जॅझ सहारा' हा अल्बम केला. त्यात ऊद, कानून आणि व्हायोलिनवर अरबी चाली वाजतात, त्यांत जॉनी ग्रिफिन यांचा सॅक्सोफोन मिसळतो. पुढे अनेकांनी जे केलं त्याची ही आरंभीची पायवाट होती. 1961च्या नोव्हेंबरमध्ये कोल्ट्रेन यांनी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅन्गार्ड क्लबात 'इंडिया' ही आपली रचना वाजवली, तेव्हाही साथीला अब्दुल मलिक होते.

आपले वडील सुदानचे, असं ते सांगत. इतिहासकार रॉबिन केली यांनी कागदपत्रं तपासली, तेव्हा आई-वडील कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरून आलेले निघाले. त्यांना खोटं ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण ज्यांच्या पूर्वजांना गुलाम करून जहाजात कोंबलं आणि त्यांची नावंही पुसली, त्यांनी नवा वंशवृक्ष रचला तर त्यामागची भूक समजून घ्यायला हवी. आपल्याकडे तर हे नवं नाही. इथल्याच मातीतले, इथल्याच जातींतून आलेले किती तरी लोक दोन पिढ्यांत अरबस्तानातून आलेला शजरा दाखवू लागतात. बाहेरून मान मिळत नाही तेव्हा माणूस दूरचा आजोबा शोधतो. ते अब्दुल मलिक यांनी केलं, आपणही करतो. त्यांचं संगीत मात्र खरं आहे. त्याला सुदानच्या दाखल्याची गरज नाही.

माझ्या पेशाचा माणूस

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते युसूफ लतीफ. कारण ते शिक्षक होते. 1920 साली जन्मलेले विल्यम हडलस्टन डेट्रॉइटमध्ये वाढले आणि 1950च्या सुमारास युसूफ लतीफ झाले. लतीफ हे अल्लाहच्या नव्याण्णव नावांपैकी एक, अर्थ सूक्ष्म, हळुवार, मेहरबान. ते सॅक्सोफोन आणि बासरी वाजवत. ओबो हे जॅझमध्ये क्वचित दिसणारं वाद्यही त्यांनी आणलं. आपली शहनाईसुद्धा त्यांच्या वाद्यांत होती.

'ईस्टर्न साउंड्स' हा त्यांचा 1961चा अल्बम जरूर ऐकावा. पहिल्याच गतीत ते एक चिनी मातीची बासरी वाजवतात. तिच्यातून मोजकेच सूर निघतात, पण त्या मोजक्या सुरांतच सगळी गत उभी राहते. बेसवादक अर्नी फॅरो या अल्बमवर रबाबही वाजवतात. 'ब्लूज फॉर द ओरिएंट'मध्ये ओबो ऐकताना शहनाईची आठवण येते आणि तरी खाली ब्लूजचीच चाल वाहत असते. पूर्व-पश्चिम मिलाफाच्या नावाखाली पुढे बराच मसाला विकला गेला. इथे तो नाही. लतीफ दुसऱ्याच्या वाद्यासमोर आधी विद्यार्थी होऊन बसतात, मग वाजवतात.

'जॅझ' हा शब्द त्यांना आवडत नसे, त्याला चिकटलेले अर्थ त्यांना आपल्या कामाचा अपमान वाटत. 1975 साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट घेतली. प्रबंधाचा विषय होता पाश्चात्त्य आणि इस्लामी शिक्षण. पुढे ते नायजेरियात झारियाच्या अहमदू बेलो विद्यापीठात संशोधनासाठी राहिले, हज करून आले, आणि जिथे दारू विकली जाते तिथे वाजवायचं नाही असं त्यांनी ठरवलं. जॅझचा धंदा बहुतेक दारूच्या क्लबांवर चालायचा. म्हणजे हा निर्णय फुकटचा नव्हता. 2013 साली त्र्याण्णवाव्या वर्षी ते वारले, तोपर्यंत वाजवत आणि शिकवत होते.

आपल्या मोहल्ल्यात मौसिकी जायज की नाजायज हा वाद निघाला की मला लतीफ आठवतात. हा मतभेद जुना आहे. इमाम गजालींनी 'इह्या'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं, ते उगाच नाही. मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण हा वाद घालताना एवढं तरी माहीत असावं की विसाव्या शतकातल्या एका मोठ्या संगीतकाराने संगीत आणि दीन दोन्ही सांभाळले, आणि त्यासाठी सोडायचं ते सोडलं.

सॅक्सोफोनची हम्द

9 डिसेंबर 1964. न्यू जर्सीतल्या एका स्टुडिओत कोल्ट्रेन यांनी एकाच संध्याकाळी 'अ लव्ह सुप्रीम' रेकॉर्ड केला. साधारण तेहतीस मिनिटांचा, चार भागांचा हा अल्बम ईश्वराला अर्पण केलेला आहे. सोबत तिघेच : बेसवर जिमी गॅरिसन, ड्रमवर एल्विन जोन्स आणि पियानोवर मॅकॉय टायनर. टायनर यांनी किशोरवयातच इस्लाम स्वीकारला होता, नाव सुलेमान सौद. रेकॉर्डवर मात्र ते जन्माचंच नाव लावत.

पहिल्या भागात बेसवर चार सुरांचं एक छोटं वाक्य येतं. कोल्ट्रेन ते एकेका पट्टीतून फिरवतात, बाराही पट्ट्यांतून. मग सॅक्सोफोन खाली ठेवून त्याच चार सुरांवर अल्बमचं नाव पुन्हा पुन्हा म्हणतात. जिक्र ऐकलेल्या माणसाला ही पुनरावृत्ती कळायला शिकवणी लागत नाही. काही अभ्यासकांना त्या शब्दांत 'अल्लाह सुप्रीम' ऐकू येतं. कोल्ट्रेन स्वतः सगळेच धर्म मानत. त्यांना आपल्या जमातीत ओढण्याची घाई करू नये.

शेवटच्या भागात तर एक नवलच आहे. अल्बमच्या कव्हरच्या आत कोल्ट्रेन यांची एक प्रार्थना छापली आहे. सॅक्सोफोन त्या भागात तीच प्रार्थना वाचतो, शब्दाला शब्द धरून, तोंडाने एक अक्षरही न उच्चारता. मुशायऱ्यात शायर तहतमध्ये पढतो किंवा तरन्नुममध्ये. इथे दोन्हींमधली सीमाच पुसली आहे. मी वर्गात हम्द शिकवताना मुलांना हे सांगतो.

पुढे कोल्ट्रेन ठरलेला ठेकाही सोडून मोकळ्या रानात शिरले आणि 1965च्या अखेरीस टायनर बँडमधून बाहेर पडले. एप्रिल 1967 मध्ये त्यांनी 'द रियल मॅकॉय' केला. पोस्ट-बॉप म्हणजे काय हे एका अल्बममध्ये ऐकायचं असेल तर हा ऐकावा. आपण हार्मोनियमवर सा-ग-प धरतो तसे स्वरमेळ टायनर टाळतात, सा-म अशा अंतरांची थप्पी रचतात. त्यामुळे सूर टेकत नाहीत, उघडे राहतात, आणि जो हेंडरसन यांच्या सॅक्सोफोनला कुठेही वळता येतं. डाव्या हाताचा घाव मात्र असा की घर कुठे आहे हे विसरता येत नाही.

दुसरं टोक म्हणजे 'इंटरस्टेलर स्पेस'. फेब्रुवारी 1967, फक्त दोन माणसं : कोल्ट्रेन आणि ड्रमवर रशीद अली. हे जन्माने रॉबर्ट पॅटरसन. गतींना ग्रहांची नावं आहेत. यात सम नाही, आवर्तन नाही. पहिल्यांदा ऐकताना मीही दहा मिनिटांत बंद केलं होतं. मग एकदा फक्त ड्रम ऐकायचे असं ठरवून बसलो. रशीद अली ठेका धरत नाहीत, पत्र्यावर पडणाऱ्या कोकणातल्या पावसासारखे चहूबाजूंनी कोसळत राहतात आणि त्या पावसात सॅक्सोफोन आपली वाट काढतो. गोंगाट वाटणारी गोष्ट दोन माणसांचं बोलणं आहे, हे त्या दिवशी कळलं. पाच महिन्यांनी, 17 जुलैला, कोल्ट्रेन गेले. वय चाळीस. हा अल्बम त्यांच्या मृत्यूनंतर 1974 मध्ये बाहेर आला.

आणि तो मुलगा

त्या दिवशी हे सगळं मी त्याला सांगितलं नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं : प्रतिज्ञापत्र, ऑनलाइन अर्ज, फी, काय लागतं ते. त्याला ते कळण्याचा हक्क होता. नाव बदलणं हा गुन्हा नाही. मी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यातल्या बहुतेकांनी तेच केलं होतं. फरक एवढाच की त्यांनी जे नाव घेतलं ते त्यांनी निवडलं होतं. माझ्या विद्यार्थ्याला त्याचं नाव आवडतं, ते दादीने ठेवलंय. खोलीमालकासाठी ते टाकायचं, तर ती निवड त्याची कशी?

मग मी त्याला मोबाईलवर 'नईमा' लावून दिली. चार-साडेचार मिनिटं तो गप्प ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "सर, माझ्या फुफीचं नाव आहे हे."

अर्ज त्याने भरला नाही. खोलीही मिळाली, पण आपल्याच लोकांच्या मोहल्ल्यात, कॉलेजपासून दीड तासावर. रोजचे तीन तास बसमध्ये जातात. हा विजय आहे असं मी म्हणणार नाही. तीन तास हे तीन तासच असतात, आणि ते त्याच्या अभ्यासातून वजा होतात. परवा त्याचा फोन आला होता. ग्रहांची नावं असलेला अल्बम त्याला पहिल्या झटक्यात झेपला नाही, म्हणत होता. मी सांगितलं, आधी फक्त ड्रम ऐक.